काट्यावर चढलेला कॅमेरा

मेहकरहून लोणारच्या रस्त्याला लागलं की सुलतानपूरच्या अलीकडे माझ्या मावशीचं गाव. नोव्हेंबर सरत आलेला, कापसाची वेचणी जोरात. अकोल्याहून एसटीने पोचलो तेव्हा घरी कुणीच नव्हतं, म्हणून पाठीवरची बॅग तशीच घेऊन शेतात गेलो. बांधावरच्या बाभळीला काटा टांगलेला होता. वेचणाऱ्या बाया आपापली गाठोडी आणून त्याला अडकवत होत्या आणि मावसभाऊ वहीत आकडे लिहीत होता. वेचणीची मजुरी किलोवर असते, त्यामुळे काट्यापाशी सगळ्यांचे डोळे सुईवर.

मी बॅग खाली ठेवली तर मावसभावाने एका हाताने उचलून पाहिली आणि काही न बोलता काट्याला अडकवली. ट्रायपॉडसकट चौदा किलो दोनशे.

"एवढ्यात तं एका बाईची सकायची येचनी होते," तो म्हणाला. "याले किलोमागं काय भेटते तुले?"

बाया मनसोक्त हसल्या. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माझा कॅमेरा चार बाय पाच इंचाच्या एकेका सुट्या फिल्मवर फोटो घेतो. पुढे लेन्स, मागे दुधी काच आणि मधे लोहाराच्या भात्यासारखा घड्यांचा भाता. काळ्या कापडात डोकं घालून काचेवर चित्र पाहायचं, तेही उलटं. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंत केरळातल्या अलेप्पीत बनलेले वागीश्वरीचे लाकडी कॅमेरे असायचे, त्यांच्याच कुळातला हा. फरक एवढाच की ते स्टुडिओत जागेवर उभे असायचे आणि मी हा रानोमाळ वाहून नेतो. यात शहाणपण कितपत आहे हे काट्याने सांगितलंच.

त्या रात्री ओसरीवर सगळं सामान पसरलं आणि काय ठेवायचं, काय न्यायचं याचा विचार सुरू केला. सकाळी मोटरसायकलवर लोणारला जायचं होतं आणि पुढे पायी विवरात उतरायचं होतं. लेन्स तीन होत्या. आकडा फोकल लांबीचा, तो लहान तितकी चौकट रुंद. ९० मिमीची निकॉर, १५० ची रोडेनस्टॉक आणि २०० ची निकॉर-एम. साध्या ३५ मिमी कॅमेऱ्याच्या भाषेत सांगायचं तर अंदाजे २८, ४५ आणि ६०.

भानगड ९० ची होती. एफ ४.५ वाली घेतली तेव्हा मी खूश होतो, कारण एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं, आणि मोठ्या छिद्रामुळे दुधी काचेवर उजेड भरपूर पडतो. पण तिचं वजन ६०० ग्रॅम आणि फिल्टर लागतो ८२ मिमीचा. त्याच घराण्यातली एफ ८ ची ९० मिमी ३६० ग्रॅममध्ये येते, ६७ मिमीच्या फिल्टरवर भागते आणि फिल्मवर टाकलेल्या प्रकाशवर्तुळाचा व्यास दोघींचा सारखाच, २३५ मिमी. उजेडासाठी मोजलेले जास्तीचे पैसे आणि ग्रॅम वऱ्हाडातल्या उन्हात फुकट गेले. इथे सकाळी नऊलाच काच अशी लखलखते की कापडात डोकं घातल्यावर उजेडापेक्षा घामाचीच काळजी जास्त. अंधाऱ्या देवळांत काम करणाऱ्याने एफ ४.५ जरूर घ्यावी. उघड्या रानात फिरणाऱ्याने घेऊ नये, हे माझं पैसे घालवून झालेलं मत आहे.

याउलट २०० ची निकॉर-एम. जेमतेम १८० ग्रॅम, फिल्टर ५२ मिमीचा, खिशात मावते. एफ ८ पासून सुरू होते म्हणून बाजारात तिला फार कुणी भाव देत नाही. मी जुनी घेतली आणि घेताना एकच गोष्ट तपासली: शटरचा एक सेकंद खरंच एक सेकंद आहे का. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून मोजता येतो. जुन्या शटरचे १/१२५, १/२५० थोडे चुकले तरी चालतं, पण संथ वेग अडकायला लागले की ते दुरुस्तीला निघालंय असं समजायचं. आणि या कॅमेऱ्यावर काम सगळं संथ वेगातच चालतं.

शेवटी ९० मावशीच्या कपाटात ठेवली. फिल्म ज्यात भरतात त्या दहापैकी पाच होल्डर ठेवले. एकात दोन, म्हणजे वीसऐवजी दहा फिल्म. जड लाकडी ट्रायपॉड मात्र घेतला. कुणी कार्बनचं कितीही कौतुक करो, वाऱ्यात भाता शिडासारखा फुगतो तेव्हा पायात वजन लागतंच.

होल्डरमध्ये फिल्म भरायला ठार अंधार हवा. घरात तशी खोली एकच, कापसाची. खिडकी नाही, छातीएवढा कापसाचा ढीग. दाराच्या फटीत सतरंजी कोंबली आणि ढिगाला टेकून बोटांच्या अंदाजाने दहा फिल्म भरल्या. फिल्मच्या कडेला खाचा असतात. उभी धरल्यावर त्या वरच्या उजव्या कोपऱ्यात लागल्या की लेपाची बाजू आपल्याकडे. गरम, उबदार, सरकीचा वास. एवढी आरामशीर डार्करूम मला अकोल्यात मिळालेली नाही.

सकाळी लोणारला निघण्याआधी मावशीने अडवलं. "आमच्या वावराचा नाही काढत का फोटो?" तिचं बरोबर होतं. वेचणीच्या आधी तिने सीतादही केलं होतं, दहीभाताचा नैवेद्य दाखवला होता. त्या वावराला माझ्या यादीत जागाच नव्हती. ते बोंडांनी पांढरं झालेलं पाहिलं आणि लोणार दुपारवर ढकललं.

या प्रवासातली सगळ्यात चांगली शिकवणी त्या दोन एकरांत झाली. या कॅमेऱ्याची खरी जादू म्हणजे लेन्स पुढे झुकवता येते. झुकवली की स्पष्टतेचं प्रतल, जे एरवी भिंतीसारखं उभं असतं, ते आडवं होतं आणि पायाजवळच्या ढेकळापासून क्षितिजापर्यंत सगळं रेखीव येतं. किती झुकवायचं याचं गणित सोपं आहे. आडवं करायचं प्रतल लेन्सपासून जितकं खाली, त्या अंतराने लेन्सच्या फोकल लांबीला भागायचं. आलेला आकडा म्हणजे कोनाचा साइन. दीड मीटर उंचीवरची १५० मिमीची लेन्स नुसत्या जमिनीसाठी झुकवायची तर १५० भागिले १५००, म्हणजे जेमतेम सहा अंश.

मी सहा अंश झुकवली, काचेवर भिंग ठेवलं आणि पाहतो तर ढेकळं लख्ख, बोंडं धुरकट. कपाशी कमरेच्या वर आलेली, जवळपास मीटरभर. बोंडं लेन्सच्या फक्त अर्धा मीटर खाली. त्या हिशेबाने सतरा अंश झुकवायला हवं, आणि तेवढं झुकवलं की प्रकाशवर्तुळ फिल्मच्या कोपऱ्यांवरून निसटतं. २०० लावली असती तर तेवीसच्या पुढे. लांब लेन्सला झुकाव जास्त लागतो हे पुस्तकात वाचलं होतं, कपाशीत उभं राहून पहिल्यांदा कळलं. ९० कपाटात बंद होती. तिचं काम दहा-अकरा अंशांत झालं असतं.

मावसभाऊ हे सगळं ऐकत होता. "म्हणजे तुले उंच व्हायचंय," तो म्हणाला आणि रिकामी बंडी घेऊन आला. बैल सोडले, जू दगडांवर टेकवलं, चाकांना दोन्हीकडून दगड लावले. ट्रायपॉड बंडीत चढला, लेन्स सव्वादोन मीटरवर गेली. बोंडं आता सव्वा मीटर खाली, कोन सात अंश. एफ २२ वर १/६० सेकंद. बंडी हलू नये म्हणून मी खाली उतरून केबल लांबवली आणि मावसभावाने श्वास रोखला, जणू फोटो त्याचाच काढतोय.

मग मावशीला बंडीवर चढवून काळ्या कापडात डोकं घालायला लावलं. बराच वेळ आतून आवाज नाही.

"अवं माय, कापूस वरती अन् आभाय खाली!"

त्यानंतर वेचणाऱ्या सगळ्या बाया एकेक करून चढल्या. तासभर गेला. मजुरी किलोवर असल्याने तो तास त्यांनी पदरचा घातला, हे मला नंतर लक्षात आलं आणि ओशाळल्यासारखं झालं.

लोणारला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. आधी गावातल्या दैत्यसूदन मंदिरात गेलो. लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं हे देऊळ, बाहेरून कोरीवकामाने भरलेलं. मी मनात चौकट जुळवू लागलो: १५० उभी, लेन्स पस्तीसेक मिलिमीटर वर सरकवायची. कॅमेरा वर न वाकवता वीस मीटरवरून चौकट साडेचार मीटरच्या पुढे वर चढते आणि खांब तिरपे होत नाहीत. तरी जागा अपुरी पडत होती आणि पुन्हा ती ९० आठवली. ट्रायपॉड उघडायला घेतला तर पहारेकरी आला. ट्रायपॉडला आधी परवानगी लागते, साहेब. पुरातत्त्व विभागाच्या स्मारकांत हा नियम आहेच आणि मी अर्ज केला नव्हता. म्हणजे ९० आणली असती तरी तिने इथवरचा प्रवासच केला असता. चूक माझी, पण थोडं बरंही वाटलं.

रात्र लोणारलाच काढली आणि पहाटे विवराच्या काठावर उभा राहिलो. लोणारचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, २०२० साली पाणी गुलाबी झालं तेव्हाचे तर नक्कीच. पण काठावर उभं राहिलं की फोटोंतून न कळणारी गोष्ट कळते: याला पुढची बाजू नाही. सुमारे अठराशे मीटर व्यासाची, सुमारे दीडशे मीटर खोल वाटी, आणि आपण तिच्या ओठावर. डावीकडून उजवीकडे मान पूर्ण फिरवावी लागते. उल्का बेसाल्टवर आदळून झालेलं हे विवर पूर्वी बावन्न हजार वर्षांचं मानत. नंतरच्या आर्गॉन पद्धतीने वय निघालं साधारण पाच लाख सत्तर हजार वर्षं. अशा जागेपुढे रुंद लेन्स हवी असंच कुणालाही वाटेल. माझी ९० असती तरी ती ६७ अंशच पाहते, म्हणजे अख्खं विवर तिच्यातही आलं नसतं. आणि जे आलं असतं त्यात तळं पातळ ताटली झालं असतं, समोरचा कडा पेन्सिलीची रेघ.

१५० लावून पाहिली, मन भरेना. मग खिशातली २०० काढली. ती जेमतेम ३३ अंश पाहते. त्या चौकटीत पाण्याची कड, तिच्यावरची दाट झाडी आणि पलीकडच्या कड्याचे थर एवढंच बसलं आणि एकदम खोली दिसली. झुकवण्याचा इथे प्रश्नच नव्हता. सगळंच इतकं दूर की लेन्स अनंतावर ठेवायची आणि जवळचं झुडूप चौकटीबाहेर काढायचं. तरुणपणी मी सगळं एफ ६४ वर काढायचो. १९३२ साली अॅन्सेल अॅडम्स, एडवर्ड वेस्टन या अमेरिकी छायाचित्रकारांनी त्या आकड्यावरून गटाचं नाव ठेवलं म्हणून मलाही तो पवित्र वाटायचा. प्रत्यक्षात एवढ्या बारीक छिद्रात प्रकाश पसरतो आणि चार बाय पाचवर रेखीवपणा उतरणीला लागतो. एफ २२, नारिंगी फिल्टर, तो उजेड अडवतो म्हणून दोन स्टॉप, म्हणजे चौपट प्रकाश वाढवला, १/८ सेकंद. वारा पडायची वाट पाहण्यात वीस मिनिटं गेली.

नंतर गोमुखाच्या धारेकडून उतरून कमळजा देवीपर्यंत गेलो. पाण्याचा खारा, कुजकट वास, मोरांच्या हाका. दोन फिल्म काढल्या, दोन्ही बेताच्याच. चढताना मात्र हलकी केलेली बॅग आणि चौदा किलोची बॅग यांतला फरक गुडघ्यांनी नीट समजावून सांगितला.

अकोल्यात फिल्म धुतल्या. कपाशीच्या वावराची उत्तम आली, बांधापासून क्षितिजापर्यंत बोंड न् बोंड मोजता येतं. लोणारचीही चांगली होती, पण प्रिंट काढल्यावर डाव्या बाजूच्या आकाशात एक काळी, वाकडी रेघ दिसली. भिंगातून पाहिलं. फिल्म भरताना तिच्यावर बसलेला धागा. जिथे तो होता तिथे उजेड पोचलाच नाही.

दोन्ही प्रिंट घेऊन संक्रांतीला मावशीकडे गेलो. मावसभावाने लोणारचा फोटो दिव्याजवळ नेला आणि त्या रेघेवर बोट ठेवलं.

"हे काय, घार व्हय का?"

"तुमचा कापूस."

त्याने फोटो पुन्हा जवळ धरला. "घरात ठेवेल व्हता तोच? तो तं गेल्याच हप्त्यात इकला."