दारावर नाव बाबांचं

आमचं लोअर परळचं घर २२५ चौरस फुटांचं, गिरणी कामगारांच्या सोडतीत लागलेलं. साडेसात लाखांना पडलं. समोरच्या काचेच्या टॉवरात एवढ्या पैशांत गाडी लावायची जागाही मिळायची नाही. हे ऐकलं की लोकांचा प्रश्न ठरलेला, "मग तुम्ही नालासोपाऱ्यात का राहता?"

बाबा कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी पाच वर्षांची. तो मिटल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही. बाबांनी भाजी विकली, मग रात्रपाळीचा वॉचमन झाले, आणि १९९३ साली पागडीची खोली विकून आम्ही नालासोपारा गाठलं. चाळीतली निम्मी बिऱ्हाडं त्याच पाच-सात वर्षांत विरार, कल्याण, बदलापूरला पांगली. वस्ती बदलतेय वगैरे तेव्हा कुणी बोलत नव्हतं. टेम्पो यायचा, कपाट, पंखा, देव्हारा चढायचा, बायका रडायच्या, झालं.

गिरण्यांच्या जमिनींचं गणित मला फार उशिरा कळलं. १९९१ च्या नियमाप्रमाणे ढोबळमानाने तीन वाटे होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी आता फक्त रिकाम्या जमिनीची. शेडखालची जमीन हिशेबाबाहेर. अहो, गिरणीत रिकामी जमीन असते किती? सगळीकडे साच्यांचाच पसारा. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल उचलून धरला. कामगारांचे अर्ज दीड लाखाच्या घरात आणि २०१२ च्या पहिल्या सोडतीत घरं मात्र ६,९२५ च का, हे यातून समजतं.

त्या ६,९२५ मध्ये बाबांचं नाव होतं. यादीत नाव सापडलं तेव्हा ते हसले नाहीत, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. ताबा मिळेपर्यंत ते राहिले नाहीत. चावी आईने घेतली.

आई हौसेने एकटी राहायला गेली. सोळावा मजला, लिफ्ट, खिडकीतून जुन्या गिरणीची चिमणी. दीड वर्ष टिकली. भजनाला बाई नाही, उधारीवर बांगडा देणारी कोळीण नाही, दुपारी दार उघडं टाकून बसायची सोय नाही. खाली उतरलं तर ऑफिसं सुटल्याची गर्दी आणि चहा साठ रुपयांचा. "हय वळखीचा कोणच नाय रवला," म्हणाली आणि परतली. तिचं गिरणगाव नालासोपाऱ्याच्या आमच्या गल्लीत आहे. तिची जुनी शेजारीण दोन इमारती सोडून राहते.

म्हणून आम्हीही घर भाड्याने दिलं. लपवण्यासारखं काही नाही. भाड्यात आईची औषधं निघतात आणि मुलीच्या कॉलेजची फी भागते. मजल्यावर नऊ दारं आहेत, त्यातल्या चार घरांतच सोडतवाले राहतात. काहींनी विक्रीबंदीच्या अटीची वर्षं संपताच विकलं, आणि त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. लग्न, कर्ज, भावाभावांच्या वाटण्या. २२५ फुटांचे तीन तुकडे कसे करणार? मात्र बाहेरून आलेल्यांनी आमचा भाग गिळला असं कुणी म्हणालं, की मला आमचाच भाडेकरार आठवतो. त्यावर सही माझी आहे.

आमचे भाडेकरू दोघे, इंदूरचे. गिरणीच्याच जमिनीवरच्या ऑफिसात कामाला जातात. पोरं सरळ आहेत, पाच तारखेच्या आत पैसे टाकतात. बाबांच्या नावाची पाटी आम्ही काढलेली नाही, म्हणजे आईने काढू दिली नाही. परवा त्यातला एक फोनवर सांगत होता, "ताई, डिलिव्हरीवाले मला रोज तुमच्याच आडनावाने हाक मारतात. आता मी ओ देतो."