मे महिन्यात कधी आहे?

"काका, ही भेटीची पिशवी राहिली तुमची."

नौपाड्यातल्या आजच्या रक्तदान शिबिरात खाकी शर्टातले रिक्षावाले काका हात दुमडून, कोपरात कापसाचा बोळा दाबून बसले होते.

"राहू दे ताई. मे महिन्यात शिबिर कधी आहे तेवढं सांगा. तेव्हा कुणी नसतं."

पुरुषांना ९० दिवसांनी पुन्हा रक्त देता येतं, तो हिशेब त्यांनी आधीच मांडलेला!

जयंत्या-वाढदिवसांना शिबिरांची रांग लागते. मेमध्ये कॉलेजं बंद, अर्धं ठाणं गावाला. रक्त साठवणार तरी किती? तांबड्या पेशी फार तर ४२ दिवस, प्लेटलेट्स जेमतेम ५. थॅलेसेमिया हा रक्ताचा जन्मजात आजार असलेल्या मुलांना मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच.

सोसायटीवाल्यांनो, एक रविवार आत्ताच ठरवूया? हॉलचं मी बघते.