थंडीआधीची तयारी: अण्णा, मशीन आणि मावशी

पुण्यात थंडीची तयारी म्हणजे स्वेटर उन्हात टाकणं, एवढंच आमच्याही घरी होतं. सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, सीओपीडीचं, म्हणजे श्वास कोंडणाऱ्या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराचं, निदान झालं आणि गेल्या जानेवारीत त्यांना भरती करावं लागलं, तेव्हापासून हे खातं माझ्याकडे आलं.

आपली थंडी फसवी असते. दुपारी पंखा लावावासा वाटतो आणि पहाटे पारा दहाच्या खाली जातो. गार हवा जमिनीलगत बसून राहते, धूर वर जातच नाही. त्यात गल्लीच्या तोंडाशी वॉचमनची शेकोटी. अण्णा मात्र पाच वाजता मफलर गुंडाळून तळजाईच्या टेकडीवर फिरायला निघायचे. डॉक्टरांनी पहिल्यांदा तेच थांबवलं: ऊन वर आल्याशिवाय फिरणं नाही. औषधं, पथ्यं सगळं अण्णांनी ऐकलं. हे एक अजून पचलेलं नाही.

लशींचं काम आम्ही पावसाळ्याआधीच उरकलं होतं. फ्लूची लस थंडीच्या तोंडावर घ्यायची, हे परदेशातल्या नातेवाइकांचं गणित. आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते आणि पुन्हा एक जानेवारी ते मार्चमध्ये. विषाणू बदलत राहतो म्हणून ही लस दरवर्षी. न्यूमोनियाची वेगळी, ती दरवर्षी लागत नाही.

आयुष्मान वय वंदना हे सरकारी आरोग्य योजनेचं कार्डही काढून ठेवलं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्यांना उत्पन्नाची अट न लावता वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. अण्णांच्या बोटांचे ठसे काही केल्या उमटेनात, शेवटी मोबाइलवरच्या ओटीपीने काम झालं. काढावंच, पण ते चालतं दवाखान्यात भरती झाल्यावर. घरचं ऑक्सिजनचं मशीन, इन्हेलर, अण्णांना सांभाळणाऱ्या मावशींचा पगार यातलं काही त्यात बसत नाही. आमची सगळी धडपड भरती व्हायची वेळ येऊ नये म्हणून, आणि नेमकं तेच आपापलं बघायचं!

अण्णांना रात्रीपुरता ऑक्सिजन सांगितलाय, म्हणून हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारं मशीन, कॉन्सन्ट्रेटर, भाड्याने घेतलं. ते मशीन विजेवर चालतं आणि घरच्या साध्या इन्व्हर्टरवर रात्रभर ओढत नाही, असं इलेक्ट्रिशियनने स्पष्ट सांगितलं. मग एक छोटा सिलिंडर जवळ ठेवला. मशीनची जाळी आठवड्याला धुवायची, बाटलीत डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. आणि बटण आपल्या मनाने वाढवायचं नाही. अण्णांचा हात तिकडेच जायचा. जास्त प्राणवायू म्हणजे जास्त चांगला, असं त्यांना वाटायचं. डॉक्टरांनी समजावलं की या आजारात रक्तातला ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्के पुरे, उगाच वाढवलं तर शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो.

खरी कसोटी माणसांची. अण्णांकडे दिवसरात्र राहणाऱ्या मावशी लातूरकडच्या. दिवाळीला त्या गावी जाणार, आणि थंडी नेमकी तेव्हाच चाहूल देते. मावशींना कामावर लावून देणाऱ्या ब्यूरोने दर महिन्याचं कमिशन घेताना बदली माणूस देऊ म्हणून सांगितलं होतं. फोन केला की "पाठवतो ताई, उद्या नक्की", आणि तो उद्या काही उजाडेना. मावशींना म्हटलं, चार दिवस उशिरा गेलात तर? "ताई, भाऊबीजेला नाय गेले तर भाऊ वर्षभर बोलायचा नाही." यावर मी काय बोलणार? वर्षभर आमच्या म्हाताऱ्याला सांभाळणाऱ्या बाईला पगारी सुट्टी द्यायची पद्धतच नाही, हे तेव्हा प्रकर्षाने जाणवलं. आम्ही सुट्टीचे पैसे दिले. त्यांनीच मग आपली जाऊ आणून दिली आणि निघायच्या आधी दोन दिवस सोबत ठेवून शिकवली.

त्या शिकवण्यासाठी मी डॉक्टरांच्या सूचना मोठ्या अक्षरात मराठीत लिहून फ्रिजवर लावल्या. कफाचा रंग पिवळा-हिरवा झाला, कफ वाढला किंवा इन्हेलर नेहमीपेक्षा जास्त लागू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. एक वाक्य सलग बोलता येईना, ओठ निळसर दिसले किंवा माणूस गुंगीत गेला, तर थेट १०८. स्पेसर, म्हणजे इन्हेलरला जोडायची नळी, साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळू द्यायचा, फडक्याने पुसायचा नाही. पुसला की आत औषध चिकटून राहतं. जाऊबाईंनी कागद वाचून विचारलं, "रात्री दोन वाजता वाटलं तरी करू का फोन?" डॉक्टरांना विचारून रात्रीचा नंबरही त्याच कागदावर लिहिला.

मावशी तुळशीच्या लग्नापर्यंत परत येतील, असं ठरलंय. कडाक्याची थंडी त्यानंतरच पडते, तोवर जाऊबाईंचाही हात बसेल. संक्रांतीला मावशी पुन्हा सुट्टी मागणार, हे धरूनच जाऊबाईंचा नंबर जपून ठेवलाय.