मुक्कामाचं आधी ठरवा

सायकलवरून डोंगरात जाऊन एक रात्र काढायची म्हटलं की लोक आधी रस्ता काढत बसतात. माझ्या मते हे उलटं आहे. दिवसाचं सगळं मोबाईल सांगतो. चढ किती, डांबर कुठे संपतं, मध्ये चहाची टपरी आहे का, सगळं. रात्रीबद्दल मात्र तो गप्प असतो. पाठ कुठे टेकायची हे एकदा पक्कं झालं की गाडी कितीची, डबा कशाचा, पाणी किती, हे सगळं त्यावरून मागे मागे मोजत येता येतं.

ठाण्याच्या सायकलवाल्यांना रात्रीचा विचार करायची सवयच नाही. आमचा डोंगर म्हणजे येऊर. पहाटे उपवनवरून वर चढायचं, घामाघूम होऊन खाली यायचं, पोहे खायचे आणि नऊच्या मीटिंगला कॅमेरा बंद ठेवून बसायचं. राष्ट्रीय उद्यानाची हद्द आणि बिबट्यांचं घर, तेव्हा तिथे अंधारात रेंगाळायचा प्रश्नच नाही. ज्याला खरंच रात्र हवी त्याला कसारा गाठावा लागतो.

तर यंदाचा बेत सह्याद्रीच्या काठावरच्या साम्रद गावाचा आहे. पहाटेच्या कसारा लोकलला लगेजच्या डब्यात सायकली, लगेजचं तिकीट काढून. ठाण्यापासूनच पॅडल मारत निघावं असं दरवेळी कुणीतरी म्हणतं, पण खारेगाव ते भिवंडी बायपास ट्रकच्या धुरात काढण्यात कसलं शौर्य? कसाऱ्याला उतरून घाट चढायचा, इगतपुरी, घोटी, मग कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव, तिथून शेंडी. शेंडीला प्रवरेवरचं धरण लागतं, १९२६ साली पुरं झालेलं, त्याच्या पाण्याला उजव्या काठानं की डाव्या काठानं वळसा घालायचा यावर आमची अजून चर्चा चालू आहे. पांजरे, घाटघर करत गेलं की साम्रद. सगळं मिळून ८० किलोमीटरच्या घरात जाईल. आकडा मोठा वाटत नाही, पण त्यातलं सपाट फार थोडं आहे. जून २०२५ पासून समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झालाय, जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून मोटारी काही मिनिटांत घाटापार होतात. त्या रस्त्यावर मोटारसायकललाही मज्जाव, आपण तर पायडलवाले. आपल्याला जुनीच वळणं आणि खालचा गिअर.

आता तारीख. हे काम माझ्याकडे असतं, कारण आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं आहे आणि ते कसं वाचायचं हे मी आईकडून शिकलोय. अभयारण्यातला रस्ता, त्यामुळे अंधार पडायच्या आत गावात पोचायचं हे ठरलेलंच. डिसेंबरात सहा वाजून गेले की उजेड संपला. पण जेवल्यावर अंगणात बसायला, सायकली पुसायला चांदणं हवं. पौर्णिमेला चंद्र मावळतीच्या सुमाराला उगवतो आणि पुढे रोज साधारण ५० मिनिटं उशीर करत जातो. म्हणूनच तर संकष्टीला आईला नऊ-नऊपर्यंत गच्चीच्या फेऱ्या माराव्या लागतात. तेव्हा पौर्णिमेच्या जवळचा शनिवार-रविवार बघायचा, फार तर एक-दोन दिवस मागेपुढे.

बघितला. मार्गशीर्ष पौर्णिमा. "दत्तजयंतीला घरात कुणी नको का?" इति मातोश्री. पुढचा महिना धरला तर एकाच्या मेहुण्याचं लग्न आणि दुसऱ्याचं ऑडिट. आमच्यातला हा सीए, त्याने बेताची एक एक्सेल शीट केली आहे, तिच्यात 'अनपेक्षित अडचणी' असाही एक रकाना आहे आणि त्यात त्याने चार अडचणी आधीच लिहून ठेवल्यात. शेवटी मार्गशीर्ष पौर्णिमेनंतरचाच दुसरा दिवस मिळाला. चंद्र थोडा उशिरा येईल. चालेल.

मग सामान. सामानाबद्दल माझं मत असं की कपडे एक जोड कमी घ्या, पण दोन वस्तू घरी विसरू नका. पहिली, व्हॉल्व्हला लावायची पितळी टोपी. आमच्या सायकलींच्या ट्यूबला बारीक, लांब तोंड असतं, त्याला प्रेस्टा म्हणतात. घोटीपासून पुढे जो पंक्चरवाला भेटेल त्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड असतं मोटारसायकलच्या मापाचं. तो बिचारा पाइप लावून बघतो, हवा फुसफुस बाहेर, मग सायकलकडे आणि आपल्याकडे आळीपाळीनं बघतो. नखाएवढी ती टोपी फिरवून बसवली की त्याचा कॉम्प्रेसर आपल्याला चालतो. किंमत म्हणाल तर वडापावच्या हिशेबातली.

दुसरी, हँगर. मागचा गिअर बदलणारा डिरेलर ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यानं फ्रेमला लटकलेला असतो, तो तुकडा. तो मुद्दाम मऊ केलेला असतो. सायकल दगडावर आडवी पडली तर आधी तो वाकावा किंवा मोडावा आणि फ्रेम वाचावी, अशी योजना. घरात एकानं बोलून घ्यायचं म्हणजे बाकीचे वाचतात, तसलंच त्याचं नशीब. गंमत अशी की जवळपास प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा. भोकं वेगळी, बाक वेगळा. तालुक्याच्या बाजारात तर सोडाच, ठाण्यातल्या एका दुकानातही "ऑर्डर टाकावी लागेल, पंधरा दिवस" असं ऐकावं लागतं. म्हणून तो आधीच मागवून, चिंधीत गुंडाळून, सीटखालच्या पिशवीत ठेवायचा. मी बाजारपेठेतून येताना त्याचं पाकीट खिशात चाचपत आलो तेव्हा बायको म्हणाली, "एवढ्या कौतुकानं माझ्या कुड्या कधी आणल्यात का?"

बाकी मग टॉर्च, चेनची जोडकडी, गोधडीऐवजी पातळ झोपायची पिशवी, प्रत्येकी तीन लिटर पाणी. तिकडे पाऊस बदाबदा कोसळतो आणि तरी उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात, डिसेंबरात मात्र चिंता नसते.

वाद पेटला तो परतीच्या वाटेवरून. साम्रद आणि घाटघर सह्याद्रीच्या अगदी काठावर. काठावरून खाली बघितलं की दिसतं ते डेहणे गाव, शहापूर तालुक्यात, म्हणजे आपल्याच ठाणे जिल्ह्यात. सरळ रेषेत अगदी हाकेच्या नाही तरी नजरेच्या अंतरावर, आणि चाकांवर जायचं तर अख्खा दिवस. आमच्यातल्या एका उत्साहमूर्तीचं म्हणणं, मग चाकांवर कशाला? घाटघरहून चोंढे घाटाची जुनी पाऊलवाट उतरायची, सायकली खांद्यावर, खाली डोळखांबवरून आसनगावला लोकल. त्याच डोंगराच्या पोटात २५० मेगावॅटचं वीजघर आहे. घाटघरला वरचं धरण, चोंढ्याला खालचं. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचं पाणी पंपानं वर चढवतात, मागणी वाढली की तेच पाणी सोडून वीज काढतात. "पाणी रोज खालीवर करतंय, आपल्याला एकदा उतरायला काय होतंय?" हा त्याचा युक्तिवाद. पाण्याला गुडघे नसतात, असं सीएनं ग्रुपवर लिहिलं. मी सीएच्या बाजूनं. चौदा किलोची सायकल घेऊन कातळातल्या पावठ्या उतरायच्या, हँडल पुढच्याच्या पाठीत, पॅडल आपल्या पोटरीत. त्यापेक्षा रतनवाडीवरून फिरून जाऊ. अमृतेश्वराचं देऊळ बघता येईल. उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी झंज राजानं नद्यांच्या उगमापाशी बारा शिवमंदिरं बांधली, त्यातलंच हे, असं सांगतात. त्या शिलाहारांच्या राज्यात ठाणं हे मोठं शहर होतं, म्हणजे तसे आपण गाववालेच.

राहता राहिला मुक्काम, म्हणजे खरं तर सगळ्यात आधी ठरलेली गोष्ट. साम्रदच्या एका घरचा नंबर एका ट्रेकर मित्राकडून मिळाला. फोन मावशींनी उचलला.

"गाडी मोठी हाये का? दारात लावायला जागा बघाया लागंल."

"मावशी, गाडी नाही. सायकलीनं येतोय."

"सायकलीनं? ठाण्यावरनं?" थोडा वेळ शांतता. मग आत कुणाला तरी सांगितलेलं ऐकू आलं, "आवो, सायकलीवर येत्यात म्हनं." मग पुन्हा मला, "या की. पन सायकली आतमंदी घ्या रातच्याला. माकडं शिटा फाडत्यात."

ही माहिती कुठल्या नकाशात आहे सांगा. सीएच्या अडचणींच्या रकान्यात पाचवी अडचण म्हणून मी ती ताबडतोब घातली.

ओसरीवर झोपायची सोय झाली, आंघोळीला गरम पाणी मिळेल, रात्री तांदळाची भाकरी आणि पिठलं नक्की. कोंबडी हवी असेल तर माणसं किती आणि त्यातली खाणारी किती, हे गुरुवारपर्यंत कळवायचं, कारण पुढे त्यांना बाजार नाही. मी ग्रुपवर विचारलं. एकानं अंगठा दाखवला, तो कशाला ते कळलं नाही. उत्साहमूर्तीनं चोंढे घाटाचा आणखी एक फोटो टाकला. एकाचा मार्गशीर्ष चालू आहे, पण "रविवार असेल तर बघू". सीएनं विचारलं, गावठी का ब्रॉयलर, आणि दर काय. बाकी सगळे नेहमीसारखे "बघू, सांगतो".

गुरुवारी संध्याकाळी मी मावशींना सहा माणसं आणि चार खाणारी असं कळवून टाकलं.