माझाच जुना पासवर्ड लिहून आलेला मेल

रात्री झोपायच्या आधी सहज मेल बघितला तर एक नवीन मेल, पाठवणाऱ्याच्या जागी माझाच आयडी आणि विषयाच्या ओळीत माझा पासवर्ड. खराखुरा. आत लिहिलेलं की तुझ्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस टाकलाय, कॅमेऱ्यातून तुझा व्हिडिओ काढलाय, ४८ तासांत बिटकॉइनमध्ये पैसे पाठव नाहीतर तुझ्या सगळ्या कॉन्टॅक्ट्सना पाठवून देतो. असा व्हिडिओ असायचं काही कारणच नाही हे मला पक्कं माहीत होतं, तरी हातपाय गार पडले, कारण पासवर्ड तर माझाच आहे ना, मग बाकीचंही खरं असेल असंच वाटतं त्या क्षणी.

धाकट्या भावाला फोन लावला. त्याचं पहिलं वाक्य, "ताई, काही पाठवलं नाहीस ना? उत्तरही देऊ नकोस." मग त्याने मला मेलच्या बाजूच्या तीन टिंबांवर जाऊन शो ओरिजिनल उघडायला लावलं. तिथे एसपीएफ आणि डीमार्क, म्हणजे मेल खरंच त्या पत्त्यावरून आलाय का हे बघणाऱ्या तपासण्या, दोन्हीपुढे फेल असं लिहिलेलं, म्हणजे मेल माझ्या अकाउंटमधून गेलाच नव्हता. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव म्हणून कोणीही काहीही लिहावं तसंच हे, ईमेल पाठवायची जी मूळ पद्धत १९८२ साली ठरली तिच्यात पाठवणारा खरंच तोच आहे का हे बघायची सोयच नव्हती, ह्या सगळ्या तपासण्या नंतर जोडल्या गेल्यात. हे कळल्यावर मला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

पण पासवर्ड कुठून मिळाला? त्यासाठी हॅव आय बीन पोन्ड नावाची साईट आहे, ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियातल्या सिक्युरिटीवाल्या माणसाने २०१३ मध्ये सुरू केलेली. आपला मेल आयडी टाकला की तो कुठल्या कुठल्या डेटा लीकमध्ये सापडलाय ते दिसतं. माझा चार ठिकाणी होता. त्यातली एक साईट तर मी विसरूनही गेले होते, कधीतरी एक फाईल डाउनलोड करायला तिथे रजिस्टर केलेलं. म्हणजे त्या माणसाकडे माझा कॅमेरा नव्हता, त्याच्याकडे फक्त एक यादी होती, आणि यादीतल्या प्रत्येकाला तोच मेल, पासवर्ड तेवढा ज्याचा त्याचा.

इथे माझी भीती संपायला हवी होती, पण खरी काळजी इथेच सुरू झाली. मेलमधलं सगळं खोटं असलं तरी पासवर्ड खरा होता, आणि तो मी अजून अकरा ठिकाणी वापरत होते. लीक झालेल्या आयडी-पासवर्डच्या जोड्या प्रोग्रॅम लावून शेकडो साईट्सवर आपोआप टाकून बघतात, कुठेतरी दार उघडतंच. माझा तोच पासवर्ड एका जुन्या मेल अकाउंटला होता, जे मी आता बघतही नाही, पण ते माझ्या मुख्य मेलचं रिकव्हरी अकाउंट होतं, म्हणजे मुख्य मेलचा पासवर्ड विसरला तर तो बदलायचा मेल तिथे येतो!! ते उघडलं तर मी न मागितलेले पासवर्ड रिसेटचे दोन मेल पडलेले. कोणीतरी प्रयत्न करून गेलं होतं. ते बघून जी धडकी भरली ती त्या धमकीच्या मेलने पण भरली नव्हती.

मग सगळ्यात आधी मेलचेच पासवर्ड बदलले, कारण बाकी सगळीकडचं रिसेट तिथेच येतं. सगळ्या डिव्हाइसवरून लॉग आउट केलं. फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघितले, हे बरेच जण बघत नाहीत पण बघाच, आत शिरलेला माणूस तिथे गुपचूप एक नियम लावून ठेवतो आणि तुम्ही पासवर्ड बदललात तरी तुमचे मेल त्याला जातच राहतात. माझं स्वच्छ होतं. मग टू स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं, चालू केलं, एसएमएसचं नाही तर फोनवरच कोड तयार करणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपचं, कारण आपल्या नंबरचं डुप्लिकेट सिम काढून ओटीपी वळवून घेतात. फोन हरवला तर लागणारे बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवले.

नंतर पासवर्ड मॅनेजर घेतला, म्हणजे प्रत्येक साईटचा वेगळा पासवर्ड लक्षात ठेवून तो आपोआप भरणारं ॲप, आणि रोज रात्री पाच-सहा अकाउंट करत पंधरा दिवस गेले, कंटाळवाणं काम आहे, खोटं कशाला सांगू. पण त्याचा एक फायदा मला आधी माहीतच नव्हता. मध्ये पार्सल अडकलंय म्हणून मेसेज आला, मी खरंच पार्सलची वाट बघत होते, लिंक उघडली, पान हुबेहूब, आणि पासवर्ड मॅनेजर काही भरेचना. मग पत्ता नीट बघितला. कंपनीचं नाव होतं, पण सुरुवातीला. खरं डोमेन, म्हणजे साईटचं खरं नाव, हे https:// सोडून पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी असतं, आणि तिथे भलतंच नाव होतं. मॅनेजर पासवर्ड फक्त खऱ्या डोमेनवरच भरतो, त्यामुळे मी फसले असते, मॅनेजर फसला नाही.

स्पॅमचं म्हणाल तर जिथे मी स्वतः नाव दिलंय तिथेच अनसबस्क्राइब करते, बाकीचे थेट स्पॅम म्हणून मार्क, कारण चोराच्या मेलमधलं अनसबस्क्राइब दाबलं की हा आयडी चालू आहे हे त्याला कळतं. मेलमधले फोटो आपोआप लोड होणं पण बंद केलंय, तेही त्याच कारणासाठी.

परवा ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने मला बाजूला घेतलं, आवाज एकदम खाली, डोळे भरलेले, आणि मोबाईल पुढे केला. पहिलीच ओळ वाचली. तिला म्हटलं, हे खोटं आहे, तू काही पाठवू नकोस, आधी पाणी पी. आणि मग सांग, हा पासवर्ड अजून कुठे कुठे आहे तुझा?