दाब सोडल्यावर

इंदूर, गुरुवार, रात्र

इंडस-२ या क्ष-किरण देणाऱ्या सिंक्रोट्रॉन यंत्रावरचा आमचा शेवटचा दिवस संपवून घरी यायला अकरा वाजले. परवा गॅस्केटचे, म्हणजे दोन हिऱ्यांमध्ये नमुना धरणाऱ्या धातूच्या पातळ पत्र्याचे, छिद्र माझ्याच हातून मध्यापासून किंचित सरकले होते, त्यामुळे सहा गिगापास्कलला (एक गिगापास्कल म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे दहा हजार पट) ते एका बाजूला पसरले आणि एक दिवस वाया गेला. आज मात्र सिलिका काचेचा तो मिठाच्या कणाहून लहान तुकडा दोन हिऱ्यांमध्ये १४ गिगापास्कलपर्यंत नीट दाबता आला.

क्ष-किरणांच्या आलेखात क्वार्ट्झसारखी, म्हणजे स्फटिकरूप सिलिकेसारखी, टोकदार शिखरे काच दाखवत नाही. तिच्या आलेखात दिसतो तो पसरट उंचवटा. वास्तविक क्वार्ट्झप्रमाणे काचेतही प्रत्येक सिलिकॉनभोवती चारच ऑक्सिजन असतात, पण हे चतुष्फलक एकमेकांना जोडले जातात ते दूरवर टिकणाऱ्या कोणत्याही क्रमाशिवाय, आणि दाब वाढला की ते आधी मधल्या पोकळीत दुमडत जातात. चाराचे सहा ऑक्सिजन होण्याची पाळी याहून बऱ्याच अधिक दाबाला येते. तिथवर आम्ही गेलोच नाही.

मला खिळवून ठेवले ते दाब उतरवतानाच्या मोजमापांनी. दाब मोजायला सोबत ठेवलेल्या माणकाच्या कणाची प्रकाशरेषा ६९४.२ नॅनोमीटरवर परतली, म्हणजे दाब उरला नव्हता. तरी उंचवटा मूळ जागी आला नाही. ब्रिजमन आणि सायमन या संशोधकांनी १९५३ मध्येच काचेची ही कायमची वाढलेली घनता नोंदवली होती, आणि ती वीस टक्क्यांपर्यंत वाढू शकते हे मी विद्यार्थ्यांना शिकवतोही. स्वतःच्या पडद्यावर ते पाहणे निराळे. तथापि नमुन्याभोवती दाब पोहोचवणारे मिथेनॉल-इथेनॉलचे मिश्रण दहा गिगापास्कलच्या वर सर्व बाजूंनी सारखा दाब देत नाही, म्हणून या बदलातला काही वाटा कर्तनाचा, म्हणजे तिरक्या सरकवणाऱ्या ताणाचा, असणार, आणि तो वेगळा काढल्याखेरीज आकडा लिहून टाकणे मला पटत नाही.

जेवताना आईने विचारले, "काच दाबली तर फुटते, त्यात बघायचं काय?" मी तिला लोणारची आठवण करून दिली. तिथल्या बेसाल्टमधले फेल्डस्पार हे खनिज आघाताच्या दाबाने, न वितळताच, काच झाले आहे. बाहेरून स्फटिकाचा आकार तसाच, आतला क्रम मोडलेला. त्याला मॅस्केलिनाइट म्हणतात, आणि त्याचे पहिले वर्णन १८७२ मध्ये खनिजशास्त्रज्ञ चेर्माक यांनी बिहारमधल्या शेरघाटीच्या उल्केवरून केले. हे ऐकून ती म्हणाली, "मग तुझी काच आता पुन्हा पहिल्यासारखी होईल का रे?"

तुकडा बाहेर न काढता मी सेल, म्हणजे हिऱ्यांचे ते दाबयंत्र, तसाच डबीत ठेवला आहे. आठवड्याने त्याचे रामन मोजमाप (विखुरलेल्या प्रकाशावरून रचना ओळखण्याचे) पुन्हा घेईन.