चिमीचं पाणी वाढलं तेव्हा

आमच्या घरात पाण्याचा हिशोब सासूबाईंकडे. भांडुपला सकाळी ठरावीक वेळ पाणी येतं, त्यामुळे कोण किती वापरतं ते त्यांच्या नजरेतून सुटत नाही. गेल्या वर्षी गणपती गेले त्या आठवड्यात त्याच म्हणाल्या, "अगं, चिमीने आज तिसऱ्यांदा वाडगा रिकामा केला. बघ जरा."

चिमी आमची गावठी कुत्री, 7 वर्षांची, 17 किलोंची. पिल्लं कधी झाली नव्हती आणि नसबंदीही केली नव्हती. उकाडा असेल म्हणून मी सोडून दिलं. दोन दिवसांनी तिने दूध-पोळीला तोंड लावलं नाही, रात्री दोनदा गॅलरीत लघवी केली आणि पहाटे ओकली. जवळच्या दवाखान्यात पोट बिघडलंय म्हणून उलटीचं इंजेक्शन दिलं. ती माजावर कधी आली होती हे तिथे कुणी विचारलं नाही, मलाही ते सांगावंसं वाटलं नाही. तो एक दिवस वाया गेला याची रुखरुख अजून आहे.

दुसऱ्या दिवशी तिची गोधडी झटकताना डाग दिसला. रुपयाएवढा, मध्ये पिवळट, कडेला तपकिरी, आणि वास इतका कुबट की साबणानेही हाताचा जाईना. कुत्री स्वतःला चाटून साफ ठेवते, म्हणून एरवी असलं काही दिसतच नाही.

सायनपर्यंत रिक्षा, पुढे टॅक्सी करून तिला परळला नेलं. जुनी माणसं अजून ज्याला बैलघोडा म्हणतात, त्या जनावरांच्या इस्पितळात. डॉक्टरीणबाईंचा पहिलाच प्रश्न, "शेवटची माजावर कधी आली होती?" गुरुपौर्णिमेच्या सुमारास रक्त जात होतं, एवढंच आठवलं. म्हणजे सात-आठ आठवडे. "माज थांबवायचं इंजेक्शन कधी दिलं होतं?" नव्हतं दिलं. त्या इंजेक्शनांनी हा धोका वाढतो, हे मला तिथेच कळलं.

दुखण्याचं नाव पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू. माज ओसरला की, गाभण असो वा नसो, कुत्रीच्या अंगात प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन दोनेक महिने चढलेलं राहतं. दर वेळी गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, आणि माजात गर्भाशयाचं तोंड उघडं असताना वर चढलेले जंतू, बहुतेकदा ई. कोलाय, आत वाढतात. त्यांचं विष मूत्रपिंडाला पाणी धरू देत नाही. म्हणून लघवी वाढते, आणि म्हणून तहान. चिमीचा पू बाहेर येत होता हे त्यातल्या त्यात बरं. तोंड बंद असेल तर डागही पडत नाही, नुसतं पोट फुगतं, आणि गर्भाशय आत फुटू शकतं.

सोनोग्राफीत पडद्यावर पडवळासारख्या दोन जाड काळ्या नळ्या दिसल्या. रक्तातल्या पांढऱ्या पेशी 41,000 निघाल्या. कुत्र्यात त्या साधारण 17,000 च्या आत असतात. "औषधांवर नाही का भागणार?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "हिच्या वयात नको. आज उतरलं तरी पुढच्या माजाला परत होईल." चार तास सलाईन चढवून संध्याकाळी गर्भाशय आणि बीजांडं काढली. नंतर त्यांनी ट्रे दाखवला. माझ्या मनगटाएवढी जाड, तट्ट फुगलेली गर्भाशयाची दोन शिंगं, म्हणजे त्याच दोन नळ्या. एवढं पोटात घेऊन ती सकाळी माझ्याकडे बघून शेपूट हलवत होती.

घरी 12 दिवस गळ्यात कॉलर, गोळ्या, जिना चढताना उचलून. टाके रोज बघायचे, ओले वा लाल दिसले तर लगेच फोन. डॉक्टरांनी तिची आचळंही एकेक करून चाचपून दाखवली, गाठ कशी शोधायची ते. आता ते मी महिन्यातून एकदा करते. तळमजल्यावरच्या वहिनींची लॅब्रा 5 वर्षांची आहे, "एकदा तरी पिल्लं होऊ देत" म्हणून नसबंदी लांबलेली. त्यांना मी सगळं सांगितलं. आता तिच्या माजाची तारीख त्यांच्या कालनिर्णयवर गॅस सिलिंडरच्या शेजारी लिहिलेली असते.

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी सासूबाईंनी मला हाक मारली. संध्याकाळ झाली होती आणि सकाळी भरलेल्या वाडग्यात अर्धं पाणी तसंच होतं.